‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणण्याचा हक्क कोणास?

संकट आले म्हणजे कायदा काही काळ बाजूस ठेवावयाचा असतो, अशी एक समजूत आमच्या व्यापारी व कारखानदार वर्गात फार खोल रुजली आहे. महापूर असो, दुष्काळ असो, साथीचा रोग असो की बाजारभावाची पडझड असो. अशा वेळी मालक मुनीमास बोलावतो, मुनीम नोकरास बोलावतो, आणि ‘उद्यापासून येऊ नकोस, गरज लागेल तेव्हा निरोप धाडू’ एवढ्या एका वाक्याने दहा-बारा वर्षांचा संबंध संपतो. हे वाक्य कागदावर उतरत नाही, त्यावर तारीख पडत नाही, कोणाची सही होत नाही. मालकास वाटते की, आपण एक घरगुती गोष्ट घरगुती रीतीने मिटविली. वस्तुतः त्या एका वाक्याने त्याने एक कायदेशीर कृत्य केलेले असते, आणि ते कोणते हे त्याचे त्यासच ठाऊक नसते. या अज्ञानाची किंमत आज ना उद्या उभयतांस मोजावी लागते. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मोठ्या कारखानदारांचा, आमचा नव्हे, असे परभणीच्या मोंढ्यातील किंवा पेडगावच्या पेठेतील वाचकाने म्हणू नये. परभणीहून मनमाडकडे निघाले म्हणजे लागणारे पेडगाव हे काही कारखान्यांचे शहर नाही. परंतु आसपासचा सारा मुलूख कापसाचा आहे. आणि जेथे कापूस आहे तेथे जिनिंग आहे, गाठी बांधणारे आहेत, अडत दुकाने आहेत, हमाल-मापाडी आहेत, मालमोटारी आहेत, आणि या सर्वांच्या हिशेबावर पोट भरणारे दिवाणजी व पोरसवदा नोकर आहेत. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या पदरी पाच, दहा, वीस अशी माणसे असतील. ज्याच्या पदरी एक माणूस आहे तोही मालकच होय, आणि पुढे लिहिले आहे ते त्याच्याच उपयोगाचे आहे.

प्रथम अलीकडच्या इतिहासाकडे पाहू. २५ मार्च २०२० पासून कोविडच्या साथीमुळे देशभर सर्व व्यवहार बंद झाले. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन हुकूम काढला की, आस्थापना बंद असली तरी प्रत्येक मालकाने आपल्या कामगारांस ठरल्या तारखेस, काहीही कपात न करता वेतन द्यावे. ३१ मार्च रोजी महाराष्ट्र सरकारनेही त्याच आशयाचा निर्णय जाहीर केला. काही कारखानदार मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. परभणी जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो, हे वाचकांस ठाऊकच आहे. ३० एप्रिल २०२० रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अंतरिम आदेश दिला तो असा की, जेवणाचा व येण्याजाण्याचा भत्ता वगळून बाकीचे वेतन मालकांनी द्यावे. मात्र जेथे निर्बंध उठले आहेत तेथे कामगारांनी कामावर हजर झाले पाहिजे, आणि जे आपखुशीने गैरहजर राहतील त्यांच्या वेतनातून रीतसर कपात करण्यास मालक मोकळे राहतील. पुढे १२ मे रोजी तुळजापूरच्या श्री तुळजाभवानी मंदिर संस्थानातील कंत्राटी कामगारांच्या प्रकरणात त्याच खंडपीठाने सांगितले की, ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व अशा असाधारण परिस्थितीत सरसकट लावता येणार नाही.

या दोन आदेशांत मालकांस पटणारे व न पटणारे असे दोन्ही आहे. परंतु मधल्या काळात सरकारनेच माघार घेतली. १८ मे २०२० पासून तो २९ मार्चचा हुकूम मागे घेण्यात आला, आणि १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने फिकस पॅक्स या कंपनीच्या व इतर याचिकांवर अंतरिम आदेश देताना म्हटले की, त्या पन्नास दिवसांच्या वेतनाविषयी मालक व कामगार यांनी आपसात बोलणी करावी, बोलणी फिसकटल्यास कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे जावे, आणि दरम्यान मालकांवर सक्तीची कारवाई होऊ नये. हुकूम काढणाऱ्या सरकारने मालकाच्या पेटीत वेतनासाठी रोख रक्कम घातली नव्हती. आणि हुकूम परत घेताना कामगाराच्या चुलीचाही विचार केला नव्हता. एका सहीने सारा भार मालकावर टाकावयाचा व सात आठवड्यांनी दुसऱ्या सहीने तो कामगारावर सरकवावयाचा, यास राज्यकारभार म्हणणे कठीण आहे.

या सर्वांतून आमच्या व्यापारी बंधूंनी काढलेला निष्कर्ष मात्र अगदीच चुकीचा आहे. ते म्हणतात, ‘सरकारी हुकूम गेला, आता आम्ही मोकळे.’ हुकूम गेला हे खरे. पण तो हुकूम ज्याच्या वर येऊन बसला होता तो मूळचा कामगार कायदा कोठेही गेला नव्हता. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी गुजरात मजदूर सभेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याची जाणीव पुनः दिली. कारखाना कायद्यातील कामाच्या तासांच्या व जादा कामाच्या दराच्या तरतुदी साथीचे निमित्त करून गुजरात सरकारने शिथिल केल्या होत्या; न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. सारांश, साथ आली म्हणून कामगाराचे हक्क आपोआप निद्रिस्त होत नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. येथे आरंभीच एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. २०२० साली सर्वांच्या तोंडी ‘टाळेबंदी’ हा शब्द झाला. पण कामगार कायद्यात टाळेबंदी म्हणजे मालकाने कामगारांशी तंटा असता स्वतः कारखान्यास लावलेले कुलूप. सरकारी हुकुमाने बंद पडलेले दुकान हे त्या अर्थाने टाळेबंदीत गेलेले नसते. मालकाच्या हाती प्रत्यक्षात तीन मार्ग असतात, आणि तिन्हींची नावे, अटी व परिणाम निरनिराळे आहेत. पहिला ले-ऑफ: कोळसा, वीज वा कच्चा माल नसल्यामुळे, माल पडून राहिल्यामुळे, यंत्र मोडल्यामुळे किंवा नैसर्गिक आपत्तीमुळे मालक काम देऊ शकत नाही, परंतु कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम राहते. दुसरा कपात: शिस्तभंगाखेरीज अन्य कारणाने कामगाराची नोकरीच संपविणे. तिसरा, धंदाच कायमचा बंद करणे. ‘उद्यापासून येऊ नकोस’ या वाक्यात यांपैकी कोणता मार्ग धरला, हे मालकाने सांगितलेले नसते. मग ते ठरविण्याचे काम न्यायाधीशाकडे जाते, आणि पुरावा नसला म्हणजे ते ठरणे बहुधा मालकाच्या गैरसोयीचेच असते.

ले-ऑफची भरपाई ही काही नवी सवलत नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती प्रथम नव्हती. १९५३ साली कापडगिरण्यांत मालाचे साठे पडून राहिले, हजारो हात रिकामे होण्याचे भय उत्पन्न झाले, तेव्हा त्या संकटातूनच ही तरतूद कायद्यात आली. संकटकाळासाठी कायदा नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. हा भाग संकटातच जन्मला. त्याचे सूत्र असे की, एक वर्ष अखंड नोकरी झालेल्या कामगारास ले-ऑफच्या दिवसांत मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेचा निम्मा भाग मिळावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० अंमलात आली. तिनेही हे निम्म्याचे सूत्र कायम ठेविले आहे. बदल झाला तो मोठ्या कारखान्यांपुरता. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यास ले-ऑफ, कपात किंवा बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी लागे. आता ती मर्यादा तीनशेवर गेली आहे. वीज नसणे किंवा नैसर्गिक आपत्ती या कारणांनी ले-ऑफ करावयाचा असेल तर पूर्वपरवानगीची अट शिथिल होते. पण आपत्तीने सुटते ती परवानगी. भरपाई सुटत नाही. या दोहोंची गल्लत मोठमोठे व्यवस्थापकही करतात.

येथवर वाचून लहान मालक म्हणेल, ‘हे निम्म्या वेतनाचे कलम पन्नासांहून कमी कामगार असलेल्यास व हंगामी धंद्यास लागूच नाही, आमच्याकडे बारा माणसे आहेत, आम्ही सुटलो.’ या समजुतीनेच अधिकांत अधिक घात होतो, म्हणून तीवर आम्ही मुद्दाम भर देतो. पन्नासांच्या आतील मालकास भरपाईचे कलम लागू नाही हे खरे. पण म्हणून त्यास बिनपगारी घरी बसविण्याचा हक्क मिळतो काय? १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने फायरस्टोन टायर कंपनीच्या खटल्यात याचे उत्तर दिले आहे. कंपनीच्या मुंबईच्या कारखान्यात संप झाला, दिल्लीच्या शाखेत माल पोहोचेना, म्हणून तेथील कामगारांचा ले-ऑफ झाला. त्या शाखेत पन्नासांहून कमी माणसे होती. न्यायालयाने म्हटले की, करारात, स्थायी आदेशांत किंवा कायद्यात तसा अधिकार दिलेला नसेल तर मालकास ले-ऑफ करण्याचा अधिकारच नाही. मालकाने काम दिले नाही हा करारभंग होय, आणि कामगार आपल्या वेतनाची मागणी करू शकतो. म्हणजे परिणाम असा झाला की, मोठा कारखानदार कायद्याच्या छत्राखाली निम्मे देऊन मोकळा होऊ शकतो, आणि लहान मालक, ज्याने नोकराशी लेखी करार केलेला नाही, तो पुऱ्या वेतनाच्या दाव्यास पात्र ठरतो. नव्या संहितेतही पन्नासांची मर्यादा त्याच रीतीने आल्यामुळे हे तत्त्व तिच्याखालीही तसेच लागू पडेल, असे आमचे मत आहे. जी सूट समजून मालक निश्चिंत बसला, तीच त्याच्या गळ्यातील धोंड आहे.

कपातीची गोष्ट तर याहूनही स्पष्ट आहे. तेथे पन्नासांची मर्यादाच नाही. वर्षभरात २४० दिवस काम केलेला एकच कामगार असला, तरी त्यास काढावयाचे तर एक महिन्याची लेखी, सकारण सूचना किंवा तिच्या बदली एक महिन्याचे वेतन, आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन दिले पाहिजे. सरकारला कळविले पाहिजे. आणि जो शेवटी आला तो प्रथम जाईल हा क्रम सामान्यतः पाळला पाहिजे. पुढे वर्षाच्या आत पुनः माणसे घ्यावयाची झाली तर काढलेल्यास आधी विचारले पाहिजे. नव्या संहितेने आणखी पंधरा दिवसांचे वेतन कामगाराच्या पुनःकौशल्य निधीसाठी द्यावयास लाविले आहे, आणि वेतन संहितेप्रमाणे काढलेल्या कामगाराचे थकलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावयाचे आहे.

हिशेब मांडून दाखवितो. समजा, एका दुकानात नऊ वर्षे काम केलेला, महिना १२,००० रुपये घेणारा नोकर आहे. सूचनेच्या बदलीचे १२,०००, नऊ वर्षांचे दरवर्षी सुमारे ६,००० प्रमाणे ५४,०००, व निधीचे ६,०००. मिळून ७२,००० रुपये झाले. ग्रॅच्युइटी लागू असल्यास ती निराळी. रक्कम लहान नाही, हे आम्ही मान्य करितो. पण हे पैसे न देता त्यास काढले, तर कायद्याच्या दृष्टीने ती कपातच झाली नाही. तो न्यायालयात गेला, तीन वर्षांनी निकाल लागला, आणि मागील वेतनासह कामावर घेण्याचा हुकूम झाला, तर त्या तीन वर्षांचे वेतनच ४,३२,००० रुपये होते. न्यायालय दरवेळी पुरे मागील वेतन देतेच असे नाही. पण ज्या व्यापाऱ्यास एका क्विंटलमागचा दहा रुपयांचा धोका सोसवत नाही, त्याने एवढा धोका डोळे मिटून का पत्करावा?

जिनिंगवाल्यांचा हंगामीपणाचा मुद्दा आम्ही टाळीत नाही. कापसाचा हंगाम सरला म्हणजे यंत्रे थांबतात व मजूर घरी जातात. यात कोणाचा दोष नाही, आणि कायद्यासही ते मान्य आहे. परंतु हंगाम संपणे एक आणि हंगाम मध्येच तुटणे दुसरे. २०२० च्या मार्चअखेर कापसाची खरेदी अडली तेव्हा शेतकऱ्याच्या घरात कापूस होता, आणि जिनिंगमध्ये काम करावयास माणूसही होता. असा कामगार हंगामाअखेरपर्यंतच्या मजुरीच्या भरवशावर उचल घेऊन बसलेला असतो. शिवाय त्याच आवारात बारमाही राहणारे फिटर, पहारेकरी, कारकून यांस ‘हंगामी’ या एकाच शिक्क्याखाली ढकलणे न्यायाच्या कसोटीस उतरणे कठीण. धंदा हंगामी आहे की नाही याविषयी वाद उत्पन्न झाला तर तो ठरविण्याचा अधिकार मालकास नसून सरकारास आहे, हेही विसरू नये.

आणखी एक पळवाट अलीकडे फार रूढ झाली आहे. नोकरास काढावयाचे नाही, ले-ऑफही म्हणावयाचे नाही. त्याच्याकडून ‘माझ्या घरगुती अडचणीमुळे बिनपगारी रजा मिळावी’ असा अर्ज किंवा थेट राजीनामाच लिहून घ्यावयाचा. दहा माणसांचे दहा अर्ज एकाच दिवशी, एकाच शाईत, एकाच मजकुराचे निघाले म्हणजे कोणताही न्यायाधीश त्यांतील स्वेच्छा किती हे ओळखतो. वेतन कमी करावयाचे असेल, तर सेवाशर्तीतील बदलाची रीतसर सूचना देऊन २१ दिवस थांबावे लागते. दुकानाच्या फळीवर खडूने लिहून ते होत नाही. याउलट समोरासमोर बसून, कारण सांगून, हिशेबाची वही उघडी ठेवून, उभयतांच्या सहीने केलेला समझोता कायद्यासही प्रिय आहे. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणीमालकांनी प्लेगच्या दिवसांत दिलेला बोनस साथ ओसरताच काढून घेतला; मालक वीस टक्के वाढ देऊ म्हणत होते, कामगार पस्तीस मागत होते; गिरण्यांस कुलपे लागली, महात्मा गांधींस उपवास करावा लागला, आणि शेवटी प्रश्न लवादाकडेच सोपवावा लागला. जे बोलणे शेवटी करावेच लागले, ते आधी केले असते तर तीन-साडेतीन आठवड्यांची उपासमार व नुकसान दोन्ही टळली असती.

मालकांची बाजू आम्हांस कळत नाही असे नाही. विक्री शून्य, दुकानभाडे चालू, बँकेचे व्याज चालू, आणि येणे वसूल होत नाही. अशा स्थितीत वेतन कोठून द्यावे? हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्यास केवळ नीतिपाठ हे उत्तर नव्हे. दुष्काळात तेरावा महिना एकट्या मालकाच्याच अंगणात का यावा, असे तो विचारतो, आणि ते विचारण्याचा त्यास हक्क आहे. इतर देशांनी याचे उत्तर शोधिले आहे. ब्रिटनमध्ये मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२१ अखेर ‘फर्लो’ नावाची योजना चालली. आरंभी सरकारने घरी बसलेल्या नोकराच्या वेतनाचा ८० टक्के भाग, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत, स्वतः उचलला, आणि नोकराचे नाव मालकाच्या पटावर राहिले. जर्मनीत कामाचे तास कमी करून बुडालेल्या निव्वळ वेतनाचा ६० टक्के, व मूल असल्यास ६७ टक्के, भाग सार्वजनिक विमा निधीतून देण्याची पद्धत त्याही पूर्वीपासून आहे. आमच्याकडेही अगदीच काही झाले नाही असे नाही. शंभरापर्यंत कामगार असलेल्या व ठरावीक अटींत बसणाऱ्या आस्थापनांचा, मालक व कामगार या दोहोंचा मिळून २४ टक्के भविष्यनिर्वाह निधी केंद्र सरकारने २०२० साली काही महिने भरला; कर्मचारी राज्य विमा योजनेतील बेकारी भत्ताही त्या साली २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेण्यात आला. परंतु मोंढ्यातील ज्या नोकराचे नाव ना निधीच्या यादीत ना विम्याच्या, त्याच्यापर्यंत यांतील काहीच पोहोचले नाही. नाव पटावर नसणे हेच त्याचे खरे दारिद्र्य होय, आणि ते नाव न घालणारे आपणच आहोत.

ज्याचे नाव कोठेच नाही त्याचे काय होते, हे याच लोहमार्गाने दाखविले आहे. ८ मे २०२० च्या पहाटे जालना व तेव्हाचे औरंगाबाद यांच्या दरम्यान करमाडजवळ सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मेले. ते जालन्याच्या पोलाद उद्योगात काम करणारे, मध्य प्रदेशाचे रहिवासी होते; काम थांबले होते, घरी जाण्यास गाडी नव्हती, म्हणून रुळांवरून पायी निघाले आणि थकून तेथेच झोपी गेले. त्या मृत्यूंचा दोष कोणा एका मालकावर टाकण्याचा आमचा हेतू नाही. परंतु घरी बसविलेल्या माणसास किती दिवस बसावयाचे, त्या दिवसांत काय मिळावयाचे, आणि पुनः केव्हा यावयाचे हे तीन प्रश्न ज्या समाजात कोणीच त्यास सांगत नाही, तेथे माणसे रुळांवरून चालू लागतात.

मग करावे काय? सरकारची वाट पाहत बसणे आम्हांस मान्य नाही, आणि सरकारला मोकळे सोडणेही मान्य नाही. पहिली गोष्ट मालकांनी आपल्या हाताने आजच करण्यासारखी आहे. प्रत्येक नोकरास नेमणुकीचे पत्र द्यावे, आणि त्यातच संकटकाळाचे कलम घालावे: वीज, पूर, साथ किंवा सरकारी निर्बंध यांमुळे काम देता आले नाही तर किती दिवसपर्यंत, वेतनाचा कोणता भाग मिळेल, आणि पुनः बोलावण्याची रीत काय राहील. तो भाग निम्म्याहून खाली नसावा, असे आमचे सांगणे आहे. पन्नास कामगारांच्या मालकास कायद्याने जे द्यावे लागते ते बारा कामगारांच्या मालकाने अब्रूने द्यावे. असे पत्र असले म्हणजे पुऱ्या वेतनाच्या दाव्याचे भय मालकास राहत नाही, आणि कामगारासही अर्धी भाकर तरी निश्चित होते. काम अर्धे असेल तर अर्धी माणसे काढण्यापेक्षा सर्वांस पाळीपाळीने बोलवावे. हजेरीपट चालू ठेवावा. आणि जे काही ठरेल ते मराठीत लिहून त्याची प्रत नोकराच्या हाती द्यावी.

दुसरी गोष्ट व्यापाऱ्यांनी संघटितपणे करावयाची आहे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून जगास एक धडा घालून दिला. हमाल आज या दुकानी, उद्या त्या दुकानी. त्याचा मालक कोण हेच ठरेना. तेव्हा कायद्याने मंडळे स्थापिली, मजुरीवर लेव्ही बसविली, आणि त्या लेव्हीतून हमालास भविष्यनिर्वाह निधी, रजेचे वेतन अशा गोष्टी मिळू लागल्या. मोंढ्यातील अडते व जिनिंगवाले यांनी आपल्या नोकरांसाठी, चांगल्या हंगामात गाठीमागे किंवा क्विंटलमागे नाममात्र रक्कम बाजूस काढून, असाच एक संकटनिधी उभारण्यास काय हरकत आहे? गोशाळेसाठी व धर्मादायासाठी वहीत खाते उघडण्याची आमची परंपरा जुनी आहे. त्याच वहीत नोकरांच्या नावाने एक पान उघडले तर तेही धर्मादायाच्या बाहेरचे ठरू नये.

तिसरी गोष्ट राज्यकर्त्यांची. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमी योजना वाढविली, १९७७ साली तिचा कायदा केला, आणि पुढे देशानेही तो कित्ता गिरविला. खेड्यातील मजुराचे संकटकाळी काम मागण्याचे अधिकार आम्ही प्रथम मान्य केले. लहान दुकानातील व लहान कारखान्यातील नोकरासाठी मात्र तशी कोणतीही हमी आज नाही. पन्नासांच्या आतील आस्थापनांसाठी मालक, कामगार व सरकार यांच्या वर्गणीचा ले-ऑफ निधी राज्याने काढावा, आणि पुढच्या वेळी वेतनाचा हुकूम काढण्यापूर्वी त्या हुकुमाबरोबर आपला वाटा किती हे सांगावे. पुढची वेळ येणार नाही अशा भ्रमात कोणी राहू नये. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने मराठवाड्याच्या शेतांचे व बाजाराचे काय केले, ते आठवत असेलच.

१८८४ साली रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडिल्या, त्यांत एक अशी होती की, कामावर जबर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पुरे वेतन मिळावे. हात चालत नसतानाही पोट चालते, एवढीच साधी गोष्ट त्या मागणीत होती. त्या वेळी ती अतिरेकी वाटली. आज तिचे तत्त्व कायद्यात आहे. परकी सत्तेखाली असताना ‘आमच्या माणसांस कोणी विचारीत नाही’ हे आमचे गाऱ्हाणे होते. आता विचारणारे आपणच आहोत. सबब, येत्या दसऱ्यास किंवा पाडव्यास नव्या वहीचे पूजन करताना आमच्या प्रत्येक मालक वाचकाने आपल्या पदरच्या माणसांची नावे, त्यांच्या नेमणुकीच्या तारखा व त्यांचे वेतन यांची एक यादी तीत लिहावी, आणि तिची प्रत ज्याची त्याच्या हाती द्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.